हल्ल्यानंतरची वर्षे : प्रस्तावना

पंचकुलाहून कालक्याकडे जाणारा रस्ता शिवालिकच्या पायथ्याशी एका मोठ्या छावणीजवळून जातो. ती चंडीमंदिरची छावणी. इथल्या चंडीदेवीच्या देवळावरून शेजारच्या नव्या राजधानीला चंडीगड हे नाव मिळाले. छावणी मात्र हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात मोडते. मराठी माणसाच्या कानावर हे नाव आले असेल तर ते बहुधा घरातल्या कोणाच्या तरी बदलीमुळे. साताऱ्याच्या अपशिंग्यापासून सांगली-कोल्हापूरपर्यंतच्या कितीतरी फौजी घरांत पत्र्याच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने लिहिलेल्या जुन्या पत्त्यांमध्ये चंडीमंदिर एकदा तरी येऊन गेलेले असते.

१९८५ मध्ये लष्कराच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय शिमल्याहून इथे आले. पंजाब तेव्हा पेटलेला होता. आदल्या वर्षी जूनमध्ये लष्कर सुवर्णमंदिरात शिरले होते. ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवशी इंदिरा गांधींची हत्या झाली आणि पाठोपाठ दिल्लीत व इतरत्र हजारो निरपराध शीख मारले गेले. १९८५ च्या जूनमध्ये कनिष्क विमान ३२९ जणांसह अटलांटिक महासागरावर स्फोटात नष्ट झाले. त्या वेळचे लष्करप्रमुख होते जनरल अरुणकुमार वैद्य. अलिबागचा जन्म, रणगाड्यांच्या दलातले आयुष्य, आणि महावीर चक्राचा मान दोनदा: १९६५ मध्ये पंजाबातल्या खेमकरणच्या लढाईत डेक्कन हॉर्सचे नेतृत्व करताना आणि १९७१ मध्ये शकरगढच्या आघाडीवर. ज्या पंजाबसाठी ते पासष्टमध्ये लढले, त्याच पंजाबातल्या मंदिरात सैन्य पाठवण्याची वेळ त्यांच्या कारकिर्दीत आली. जानेवारी १९८६ मध्ये ते निवृत्त होऊन पुण्याला स्थायिक झाले. १० ऑगस्ट १९८६ ला, भर दिवसा, बाजारातून मोटार चालवत घरी परतत असताना त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. मारेकऱ्यांपैकी दोघांना ऑक्टोबर १९९२ मध्ये येरवड्यात फाशी झाली.

मुंबईत गोरेगाव पूर्वेला दिंडोशीकडे जाणारा एक गजबजलेला रस्ता जनरल वैद्यांच्या नावाचा आहे. त्या रस्त्याने रोज हजारो लोक कामाला जातात. त्यांच्यापैकी किती जणांना हे नाव कोणाचे आणि त्या माणसाचे काय झाले हे सांगता येईल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. या पुस्तकाची सुरुवात त्या विचारातून झाली. पुण्यात एका निवृत्त सेनापतीचा खून झाला. त्याची मुळे अमृतसरला, त्याचा खटला महाराष्ट्रात, आणि त्याची आठवण आज एका पाटीपुरती. मधल्या चाळीस वर्षांत देशात काय काय बदलले, आणि त्यातले किती त्या काळातल्या हत्यांमुळे, स्फोटांमुळे, भीतीमुळे बदलले, याचा हिशेब आपल्याकडे कोणी सलग मांडलेला नाही.

हल्ल्यांवरची पुस्तके पुष्कळ आहेत. मुंबईवरच्या सव्वीस अकराच्या हल्ल्याच्या त्या साठ तासांवर तर मिनिटामिनिटाचे वर्णन मिळते. ती पुस्तके हवीतच. पण साठ तास संपल्यावर साठाव्या महिन्यात काय चालले होते, हे वाचायला गेले की हाती तुकडे लागतात: एखाद्या निकालाची बातमी, एखाद्या कायद्याची दुरुस्ती, कधी वर्षश्राद्धाच्या दिवशी छापलेली मेणबत्त्यांची छायाचित्रे. माझे म्हणणे असे आहे की देश बदलतो तो या तुकड्यांतून. हल्ल्यानंतरच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत, संताप आणि भय दोन्ही ताजे असताना, जे निर्णय घेतले जातात त्यांचे आयुष्य फार मोठे असते. ते घेणारी माणसे पुढे निवृत्त होतात, सरकारे बदलतात, निर्णय तसेच राहतात. त्यांची किंमत मोजणारी माणसे बहुतेक वेळा हल्ल्याच्या जागेपासून शेकडो मैल दूर असतात आणि हल्ला झाला तेव्हा त्यातली काही जन्मलेलीही नसतात.

हे मला कळले ते चंडीमंदिरला. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला तेव्हा माझ्या नवऱ्याची नेमणूक तिथे होती. काही दिवसांतच हालचालींचे हुकूम सुटले आणि ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झाले. भारताने पाच लाखांच्या आसपास सैन्य सीमेवर नेऊन उभे केले. रजा रद्द झाल्या, प्रवासी गाड्यांच्या आधी लष्करी गाड्या धावू लागल्या, रणगाडे आणि तोफा लादलेल्या वाघिणी अंबाल्याहून पुढे निघाल्या. मागे राहिलेल्या कुटुंबांना फौजेत ‘सेपरेटेड फॅमिली’ म्हणतात. पत्रावर ‘५६ एपीओ’ एवढाच पत्ता. माणूस फाजिल्क्याच्या शेतात आहे की बिकानेरच्या वाळूत, हे घरच्यांना पत्त्यावरून कळू नये अशीच ती व्यवस्था आहे. मुलांच्या परीक्षा झाल्या, उन्हाळा आला, पावसाळा आला. युद्ध आज होईल, उद्या होईल असे वाटत ते झाले नाही, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागे घेण्याचा निर्णय जाहीर झाला.

दहा महिने चाललेल्या त्या न झालेल्या युद्धात शेकडो जवान गेले: सुरुंग पेरताना आणि काढताना, दारूगोळ्याच्या अपघातांत, रस्त्यांवर. त्यांची नावे आपल्या गावच्या वेशीवरच्या स्मारकावर असतील तर ‘कोणत्या लढाईत’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. पंजाब आणि राजस्थानच्या सीमेलगत लाखो सुरुंग पेरले गेले तेही माणसांच्या शेतांत. गहू आणि कपाशीची ती जमीन नांगराला मुकली. ती परत नांगराखाली येण्याआधी किती शेतकऱ्यांचे, किती गुराख्यांचे पाय गेले! संसदेवरचा हल्ला दिल्लीत अर्ध्या-पाऊण तासात संपला होता. अमृतसर, फिरोजपूर, गंगानगरच्या काही गावांत तो अनेक हंगाम चालू राहिला. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात या गावांना ओळ मिळत नाही, म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण मी त्यांना दिले आहे.

त्याच काळात, १४ मे २००२ ला, जम्मूजवळच्या कालूचक इथे दहशतवादी फौजी कुटुंबांच्या वसाहतीत शिरले. तीसहून अधिक माणसे मेली, त्यांत बायका आणि मुले होती. माणसे सीमेवर आणि मृत्यू घरात, असा तो प्रकार होता. आम्हा बायकांना त्या दिवसानंतर वसाहतीचे कुंपण वेगळे दिसू लागले. छावण्यांची दारे घट्ट होत गेली आणि पुढच्या वर्षांत देशभरात छावण्यांमधून जाणारे अनेक रस्ते आसपासच्या नागरिकांना बंद झाले. २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाने असे रस्ते उघडण्याचा आदेश दिला तेव्हा त्यावरून फौजी कुटुंबे आणि शहरातले रहिवासी यांच्यात किती कटुता निघाली, ते ज्यांनी पाहिले त्यांना आठवत असेल. मी दोन्ही बाजूंनी त्या फाटकाकडे पाहिले आहे. आतली भीती खोटी नव्हती, आणि रुग्णवाहिका लांबच्या वळणाने नेणाऱ्याचा रागही खोटा नव्हता.

लष्कराने ‘पराक्रम’मधून जो धडा घेतला तो वेळेचा होता. मुख्य प्रहारक दळे सीमेपासून दूर असल्याने ती जागेवर पोहोचायला तीन आठवडे लागले आणि तेवढ्यात जगभरचे मध्यस्थ जागे झाले. म्हणून लहान, सीमेजवळच्या, लगेच निघू शकणाऱ्या तुकड्यांचा विचार पुढे आला. २००४ च्या सुमारास तो ‘कोल्ड स्टार्ट’ या नावाने चर्चेत आला. २००५ मध्ये पश्चिम कमांडचा पसारा कमी करून जयपूरला दक्षिण-पश्चिम कमांड उभी राहिली. पुढे काय झाले ते तारखाच सांगतात. २००८ मध्ये मुंबईत १६६ माणसे मारली गेली आणि सीमेपलीकडे एकही गोळा पडला नाही. १८ सप्टेंबर २०१६ ला उरीत हल्ला झाला, अकराव्या दिवशी सैन्य नियंत्रण रेषा ओलांडून गेले. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामा, बाराव्या दिवशी बालाकोट. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना मारले. त्यांत डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे पर्यटकही होते. पंधराव्या दिवशी ‘ऑपरेशन सिंदूर’.

या आकड्यांकडे मी फौजी घरातली बाई म्हणून पाहते. प्रत्युत्तराची ताकद असणे आवश्यक आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण २००८ मध्ये संयम हा सरकारपुढचा एक पर्याय होता. आज हल्ल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लोक दिवस मोजू लागतात, वाहिन्या मोजू लागतात, आणि पर्याय आपोआप गळून पडतो. सतरा वर्षांत झालेला हा बदल सैन्यापेक्षा नागरिकांत जास्त झाला आहे. मे २०२५ मध्ये चंडीगडमध्ये रात्री दिवे विझवले गेले, ९ मेच्या सकाळी धोक्याचे भोंगे वाजले, लोकांना घरात राहायला, गच्चीत न जायला सांगितले गेले. एकाहत्तर पाहिलेल्या म्हाताऱ्यांनी खिडक्यांना कागद लावायचे कसे ते नातवंडांना दाखवले. ड्रोनच्या काळात सीमेपासून दूर असे काही उरलेले नाही, हे त्या चार दिवसांत त्या शहराला कळले. पुण्या-मुंबईत बसून मोजणाऱ्यांना ते अजून कळायचे आहे.

चंडीमंदिरहून चंडीगडच्या कॅपिटॉल संकुलापर्यंत मोटारीने अर्धा-पाऊण तास लागतो. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय यांच्यामध्ये ल कॉर्बुझिएने एक विस्तीर्ण मोकळे पटांगण ठेवले आणि जवळच उघड्या हाताचे शिल्प योजले. फाळणीत लाहोर गमावलेल्या पंजाबला नवी राजधानी देताना राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यामध्ये भिंत असू नये, सामान्य माणसाने त्या जागेत मोकळेपणी फिरावे, हा त्यामागचा हेतू होता. ३१ ऑगस्ट १९९५ ला याच सचिवालयाच्या दारात मानवी बॉम्बने पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची हत्या केली. त्यांच्यासह सतरा माणसे गेली. पंजाबातला दहशतवाद तोवर जवळजवळ संपला होता. पटांगण मात्र त्यानंतर बंद झाले. २०१६ मध्ये युनेस्कोने हे संकुल जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. आज ते पाहायचे तर ओळखपत्र दाखवून, नाव नोंदवून, मार्गदर्शकाबरोबर ठरलेल्या वेळी जावे लागते. पटांगणात काटेरी तार आणि अडथळे आहेत. शहरातली जी पिढी पंचाण्णवनंतर जन्मली तिच्या लेखी ही जागा पहिल्यापासून अशीच आहे. तिला त्यात काही हरवल्यासारखे वाटत नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. त्या हत्येचे प्रकरणही तसेच लोंबकळत राहिले. एका आरोपीला २००७ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २०१२ मध्ये ती ऐनवेळी थांबली, आणि दयेचा अर्ज २०२५ सालीही निकालाविना पडून होता.

बुटात स्फोटके लपवून विमानात चढलेल्या एका माणसामुळे अमेरिकेतल्या विमानतळांवर बूट काढण्याची पद्धत आली. ती काढून टाकायला २०२५ उजाडले. निदान ती काढली तरी. आपल्याकडे सुरक्षेचा एखादा नियम मागे घेतल्याची बातमी क्वचित येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर सव्वीस अकरानंतर लावलेल्या धातुशोधक चौकटी माणसे जाताना पिंपिं करतात आणि कोणी मान वर करून पाहत नाही. मॉलच्या दारात पर्सची चेन उघडून दाखवायची, हॉटेलच्या फाटकात मोटारीचे बॉनेट उघडायचे, सोसायटीच्या वहीत नाव लिहायचे. यातले किती उपयोगाचे आणि किती केवळ मनाच्या समाधानाचे, याची तपासणी करणारी यंत्रणाच आपण उभी केली नाही. मुंबईत शहरभर कॅमेऱ्यांचे जाळे पुरे व्हायला हल्ल्यानंतर आठ वर्षे लागली. दुसरीकडे कोळीवाड्यांतल्या माणसांकडे ओळखपत्रांची आणि बोटींच्या नोंदणीची मागणी सुरू झाली, बोटींना राज्यवार रंग ठरले. बधवार पार्कजवळ त्या रात्री रबरी बोटीतून उतरलेल्या परक्या तरुणांना हटकणारे पहिले लोक मच्छीमारच होते. किनारा सर्वांत चांगला ओळखणाऱ्या माणसाला सुरक्षेचा भागीदार करायचे की संशयित, या प्रश्नाचे उत्तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक ठाण्यात वेगळे मिळते.

कायद्यांचा प्रवास थोडक्यात सांगते. तपशील चौथ्या प्रकरणात आहे. मे १९८५ मध्ये दिल्लीत आणि आसपास ट्रान्झिस्टरमध्ये लपवलेले बॉम्ब फुटले, आणि त्याच महिन्यात ‘टाडा’ कायदा आला, दोन वर्षांपुरता म्हणून. (बेवारस वस्तूला हात लावू नका ही रेल्वेतली घोषणा ज्यांनी लहानपणी ऐकली, त्यांच्या मनात तिचा संबंध त्याच ट्रान्झिस्टरशी असतो.) पंजाबसाठी आणलेला हा कायदा देशभर पसरला. गुजरातेत त्या काळी दहशतवादाची फारशी धग नसताना तिथेही हजारो लोक त्याखाली आत गेले. शिक्षा झालेल्यांचे प्रमाण नगण्य राहिले. १९९५ मध्ये कायदा संपू दिला गेला. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००२ मध्ये ‘पोटा’ आला, २००४ मध्ये रद्द झाला. पण तो रद्द करतानाच त्यातला बराच भाग १९६७ च्या ‘यूएपीए’मध्ये घालण्यात आला. सव्वीस अकरानंतर डिसेंबर २००८ मध्ये तो आणखी कडक झाला आणि एनआयए स्थापन झाली. २०१९ पासून संघटनेप्रमाणे एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी ठरवता येते. टाडाला मुदत होती, पोटाला मुदत होती. दर वेळी संसदेला पुन्हा विचार करावा लागे. यूएपीएला मुदत नाही. तात्पुरते म्हणून आलेले कायमचे झाले ते असे, आणि त्यावर ज्या दिवशी मोठी चर्चा व्हायला हवी होती त्या डिसेंबरात संपूर्ण देश शोकात होता.

तरीही न्यायालयांविषयी लिहिताना मला एका गोष्टीचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी स्वतःच्या अंगावर गोळ्या झेलत धरून ठेवलेला अजमल कसाब जिवंत हाती लागला. त्याला वकील दिला गेला, आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात खटला चालला, मे २०१० मध्ये निकाल, मग उच्च न्यायालय, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालय, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. त्याच खटल्यात कटात सामील असल्याचा आरोप असलेल्या दोन भारतीयांना पुराव्याअभावी निर्दोष सोडण्यात आले, आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. एवढ्या मोठ्या जखमेनंतर, सगळे शहर सूड मागत असताना, एका न्यायालयाने दोषी आणि निर्दोष यांतला फरक पाळला. या देशाने दहशतवादाला दिलेल्या उत्तरांत मी हे उत्तर फार वर ठेवते.

आणि म्हणूनच २१ जुलै २०२५ चा दिवस मला इतका जड गेला. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत झालेल्या साखळी स्फोटांत १८९ माणसे गेली होती. त्या खटल्यात शिक्षा झालेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. त्यातला एक जण निकाल ऐकायला जिवंत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत त्या निकालाला पूर्वोदाहरण म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटका मात्र कायम ठेवली. दहा दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात विशेष न्यायालयाने सातही आरोपींची मुक्तता केली. मालेगावात त्याआधी २००६ मध्येही स्फोट झाले होते. त्या प्रकरणी आधी पकडलेले मुस्लिम तरुण दहा वर्षांनी आरोपमुक्त झाले. या प्रकरणांतले आरोपी वेगवेगळ्या धर्मांचे, त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे पक्षही वेगवेगळे. ज्यांची माणसे मेली त्यांच्या दृष्टीने मात्र गोष्ट एकच आहे: विरार गाडीत माझा मुलगा कोणी मारला, भिकू चौकात माझे माणूस कोणी मारले, याचे उत्तर एकोणीस आणि सतरा वर्षांनंतर सरकारकडे नाही. आपण मधल्या काळात नव्या संस्था काढल्या, नवी दळे उभारली, मरोळला एनएसजीचे केंद्र आले. साध्या पोलीस ठाण्यातला तपास करणारा अधिकारी, त्याची प्रयोगशाळा, त्याची साक्षीपुराव्याची शिस्त, यांत फारसा पैसा किंवा विचार गेला नाही. माझ्या मते हल्ल्यांनंतरच्या चाळीस वर्षांतले आपले सर्वांत मोठे अपयश हे आहे.

चौकशीबाबतही तेच. अमेरिकेत ९/११ च्या आयोगाचा अहवाल २००४ मध्ये पुस्तकाच्या दुकानांत विकत मिळत होता. नॉर्वेत २०११ च्या जुलैमध्ये ७७ जणांचे हत्याकांड झाले. सुमारे वर्षभराने आयोगाने आपल्याच पोलिसांना बोल लावणारा अहवाल दिला आणि पंतप्रधानांनी जबाबदारी स्वीकारली. सव्वीस अकरानंतर महाराष्ट्र सरकारने राम प्रधान यांची द्विसदस्य समिती नेमली. तिचा आवाका मुंबई पोलिसांच्या प्रतिसादापुरता होता. केंद्रीय यंत्रणांना विचारण्याचा अधिकार तिला नव्हता. देशपातळीवरचा आयोग नेमलाच गेला नाही. शिवराज पाटील, विलासराव देशमुख, आर. आर. पाटील या तिघांची पदे गेली. तिघेही महाराष्ट्राचे, तिघांचेही राजीनामे लोकांच्या संतापापुढे आले. राजीनाम्याने संताप निवतो, पण चूक कुठे झाली ते राजीनाम्यातून कळत नाही.

शेवटचा भाग शेजाऱ्यांविषयी आहे, आणि तो लिहिताना मी सर्वांत जास्त थांबत, खोडत लिहिले. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत जे घडले ते हल्ल्यानंतर देश कसा बदलू नये याचे उदाहरण आहे. दोन मारेकऱ्यांचा गुन्हा एका समाजाच्या माथी मारला गेला, आणि त्या जखमेने पंजाबची आग आणखी दहा वर्षे जिवंत ठेवली. पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये देशात अनेक ठिकाणी काश्मिरी विद्यार्थ्यांना मारहाण झाली, खोल्या सोडायला लावल्या गेल्या. डेहराडून, अंबाला भागातून पळालेली ती मुले मोहाली-चंडीगडला पोहोचली तेव्हा शीख संस्थांनी त्यांना गुरुद्वाऱ्यांत आणि वसतिगृहांत ठेवले, जेवू घातले, गाड्या करून जम्मूकडे रवाना केले. त्यानंतर काश्मिरातल्या अनेकांनी शिखांसाठी मोफत उपचार, मोफत शिकवण्या जाहीर केल्या. चौऱ्याऐंशी सोसलेल्या समाजाने एकोणीसमध्ये दार उघडले. मला या घटनेचे मोल कोणत्याही लष्करी कारवाईइतकेच मोठे वाटते. पहलगामनंतर त्याच चंडीगड परिसरात पुन्हा काश्मिरी मुलांना त्रास झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा सहा वर्षांपूर्वीची ती आठवण शहराने स्वतःहून काढायला हवी होती.

महाराष्ट्रालाही या गोष्टीत वाटा आहे. पुण्याची ‘सरहद’ संस्था दहशतवादात होरपळलेल्या काश्मिरातल्या मुलांना पुण्यात आणून शिकवत आली आहे. याच संस्थेच्या पुढाकाराने एप्रिल २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला भरले. सदानंद मोरे अध्यक्ष होते. ज्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत त्या संत नामदेवांनी आयुष्याची अनेक वर्षे जिथे घालवली, त्या जागी मराठी माणसे रेल्वेने लोटली, गावकऱ्यांनी घराघरांत त्यांची सोय केली. वैद्यांचा खून पुण्यात झाल्याला तेव्हा एकोणतीस वर्षे होत आली होती. संमेलनात त्याचा उल्लेख कोणी करण्याची गरज नव्हती, आणि ते योग्यच होते. त्याच वर्षी जुलैत त्याच जिल्ह्यात, दीनानगरच्या पोलीस ठाण्यावर सीमेपलीकडून आलेल्या दहशतवाद्यांनी हल्ला केला. पंजाबमध्ये त्यानंतर दंगल झाली नाही, कोणाच्या घरावर जमाव गेला नाही. एका बसचालकाने गोळीबारातून प्रवाशांना वाचवले याचीच चर्चा जास्त झाली. तीस वर्षांपूर्वीचा पंजाब आणि हा पंजाब यांत काय बदलले, कोणी बदलवले, पोलिसांनी की शेतकऱ्यांनी, की नुसत्या थकव्याने, याचा शोध शेवटच्या प्रकरणात घेतला आहे. त्यात त्या काळात पोलिसांनी बेपत्ता केलेल्या तरुणांचाही प्रश्न येतो. तो टाळून पंजाबच्या शांततेविषयी लिहिणे मला जमले नाही.

पुस्तकात काय नाही तेही सांगायला हवे. ईशान्य भारत आणि मध्य भारतातला नक्षलवाद इथे जवळपास नाही; गडचिरोलीवर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे आणि ते तिथे राहिलेल्या माणसाने लिहावे. ज्यांची माणसे गेली अशा कुटुंबांची नावे मी कुठेही छापलेली नाहीत. दर वर्षदिनी त्यांच्या दारात कॅमेरे जातात, तेवढे पुरे झाले. कायद्यांची कलमे परिशिष्टात आहेत. घाई असलेल्या वाचकाने ती सोडून द्यावीत, पण टाडाच्या मुदतीचे कलम मात्र वाचावे. हे लिहिताना पहलगामला फार दिवस झालेले नव्हते, म्हणून त्याच्यावर प्रकरण केलेले नाही. त्या हल्ल्यानंतर एप्रिल-मे २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयांची यादी तेवढी शेवटच्या पानावर दिली आहे: सिंधू जलकरार स्थगित, अटारीची तपासणी चौकी बंद, पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द, हवाई हद्द बंद. प्रत्येक निर्णयापुढे तारीख आहे आणि तारखेपुढे जागा कोरी सोडली आहे. अटारीला ट्रकमधला माल उतरवून पोट भरणाऱ्या हमालांची हकिगत त्या यादीच्या आधीच्या पानावर आहे. वाचायला तिथून सुरुवात केली तरी चालेल.